लॉर्नचं स्पष्ट मत

मूसजॉ गावच्या कमोडोर संगणकांच्या क्लबात टर्मिनल प्रोग्रामांचा निवाडा करायचं काम लॉर्न फ्रीसनने स्वतःच अंगावर ओढून घेतलं होतं. घरच्या संगणकाने फोनच्या तारेवरून क्लबच्या बुलेटिन बोर्डाशी बोलायला, म्हणजे तिथले निरोप वाचायला नि आपले टाकायला, कोणता प्रोग्राम चांगला, यावरून सभेत जुंपली होती. तेव्हा तो उठून म्हणाला होता, "पाचही माझ्याकडे द्या, मी सांगतो." वास्तविक त्याला त्यातला एकच धड चालवता येत होता. पण सभेत कॉफी फुकट असे, आणि फुकटच्या कॉफीने त्याला नेहमीच हुशारी चढत असे.

पाचांतले चार ठीकठाक निघाले. पाचवा मर्व्ह क्लासनने स्वतः लिहिलेला होता, आणि गोची तिथेच होती. मर्व्ह म्हणजे क्लबचा अध्यक्ष, समोरच्या घरातला शेजारी, धान्याच्या कोठारावर लॉर्नबरोबर उभा जन्म काढलेला. बोर्डही त्याच्याच तळघरातल्या संगणकावर चाले. गेल्या हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याचा बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ बंद केला, तेव्हा बसल्या बसल्या त्याने हा प्रोग्राम लिहिला. आता त्याचा सगळा जीव त्यातच होता, आणि लॉर्नला ते ठाऊक होतं.

प्रोग्राम मात्र भयंकर होता. जरा लांब ओळ आली किंवा गेली की तो तिचा शेवटचा शब्द गिळून टाकी. लॉर्नच्या बायकोला, व्हर्नाला, बोर्डावरची पेरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, कृती हवी होती. ती कागदावर उतरली तेव्हा व्हर्ना म्हणाली, "'कांदा बारीक चिरून', आणि पुढे? चिरून काय करू, रडू?"

मित्राला काय सांगावं या विचाराने लॉर्नची झोप उडाली. शेवटी व्हर्नानेच तोड काढली. मनातलं सगळं एकदा लिहून टाक, मग पुसून सभ्य भाषेत लिही, असं ती म्हणाली. तेव्हा शनिवारी जेवण झाल्यावर लॉर्न मर्व्हचाच प्रोग्राम चालू करून, बोर्डाला जोडून बसला आणि त्याने स्पष्ट मत लिहिलं. हा प्रोग्राम घरात न ठेवण्यापासून पुढच्या वर्षी क्लबचं चिटणीसपद न घेण्यापर्यंत सगळे निर्धार त्यात होते. मर्व्हची बायको थेल्मा प्रोग्रामच्या डिस्कबरोबर दर वेळी लोणी-साखरेचे जे दगडासारखे कडक बटर टार्ट पाठवी, तेही त्यातून सुटले नव्हते. प्रत्येक ओळ 'नाही'वर येऊन संपत होती. लिहून मन इतकं मोकळं झालं, की हे पुसण्याआधी आपल्यापुरतं जपून ठेवावं असं त्याला वाटलं. त्याने एफ-तीनची कळ दाबली.

बाकीच्या चार प्रोग्रामांत एफ-तीन म्हणजे जपून ठेवा. मर्व्हच्या प्रोग्रामात एफ-तीन म्हणजे पाठवा. मर्व्हने दिलेल्या पुस्तिकेत हे पहिल्याच पानावर होतं, पण परीक्षकाने पुस्तिका वाचणं लॉर्नला कमीपणाचं वाटत असे.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" व्हर्नाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"स्पष्ट मत."

त्याने फोनची तार भिंतीतून उपटली, पण तोवर मजकूर पोचला होता. मग पुन्हा तार लावून, मजकूर खोडता येतो का बघायला बोर्डाला फोन लावला, तर लाइन बिझी. म्हणजे कुणीतरी वाचत होतं. आता एकच उपाय उरला होता. मर्व्हच्या तळघरात जायचं, संगणकाच्या वायरीत पाय अडकवायचा आणि आडवं पडायचं, म्हणजे वायर निघून मजकूर उडेल.

"पाय खराच मोडून घे," व्हर्ना म्हणाली. "त्याला दया तरी येईल."

लॉर्न सपाता घालूनच बर्फातून पलीकडे गेला. दार थेल्माने उघडलं. तिचे डोळे ओले होते. तिने तळघराच्या जिन्याकडे बोट केलं. मर्व्ह चष्मा काढून पडद्यासमोर बसला होता.

"मोठ्याने वाच," मर्व्ह म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायचंय."

वायर कोपऱ्यात होती आणि मर्व्हची खुर्ची मध्ये. लॉर्नने निमूटपणे वाचायला घेतलं.

"मर्व्हचा प्रोग्राम मी माझ्या घरात ठेवणार. ओळखीतल्या कुणालाही तो वापरायला सांगणार. थेल्माने टार्ट पाठवले तर पुन्हा खाणार. आणि पुढच्या वर्षी क्लबचा चिटणीस होणार."

त्याने पुन्हा एकदा डोळे फाडून पाहिलं. प्रोग्रामने जाताना प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द इमानेइतबारे खाल्ला होता.

"लेका, चक्क यमक जुळवलंस," मर्व्ह चष्मा पुसत म्हणाला. "सकाळीच थेल्माला म्हणत होतो, हा प्रोग्राम मोडीत काढतो. एवढा खटाटोप करून काय मिळवलं?"

लॉर्नला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं आणि मर्व्हला मिठी मारावी असंही वाटलं. त्याने मिठी मारली.

"खरं सांग," त्याच्या खांद्यावरून मर्व्ह म्हणाला, "माझं मन राखायला तर नाही ना लिहिलंस?"

"नाही," लॉर्न म्हणाला. दिवसभरातला एवढा एकच 'नाही' मर्व्हपर्यंत धड पोचला.

थेल्मा जिना उतरून आली ती बटर टार्टची ताटली घेऊन. "चिटणीससाहेब, अख्खी संपवायची," ती म्हणाली, आणि लॉर्नने पहिला टार्ट उचलला.