त्रेचाळीस विरुद्ध एक

आमच्या फुटबॉल क्लबच्या समर्थक संघटनेत डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून आहे, ते सोडा; पण बाकीच्या त्रेचाळीस सभासदांना मी त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ओळखतो. त्यामुळे क्लब विकायचा की नाही यावर मतदान घ्यायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला आरामात सांगितलं, "चारला सभा, साडेचारला निकाल, पाचला मी घरी."

"निकाल काय लागणार तेही ठाऊक असेल," ती म्हणाली.

"आहेच मुळी."

"माझे बाबा येणार आहेत ना सभेला?"

"येणार आहेत."

"मग जेवण झाकून ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली.

सासरेबुवांबद्दल सांगतो, पण आधी क्लबबद्दल. सलग सतरा सामने हरलोय. गोलकीपरच संघाची बस चालवतो, आणि खरं सांगायचं तर तो बसच तेवढी वेळेवर अडवतो. मालक कंटाळलेत. सीझन संपला की क्लबला टाळं लावतो, असं त्यांनी लिहून दिलंय. अशात एक गाद्या बनवणारी कंपनी क्लब विकत घ्यायला तयार झाली. झोपलेल्या संघाला गादीवाले भेटले म्हणून गावभर हसून झालं, पण दुसरं कुणी विचारतही नव्हतं. अडचण एकच होती. मैदानाची जमीन आमच्या संघटनेच्या नावावर, त्यामुळे निम्म्याहून जास्त सभासदांची संमती लागणार होती.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं आमच्या खोडीत. फार वर्षांपूर्वी आम्ही दोन-शून्यानं पुढे असताना स्टँडमधून कुणीतरी "आज जिंकलो" म्हणालं आणि शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही तीन गोल खाल्ले. तेव्हापासून आमच्याकडे मनातलं कुणी बोलत नाही. जे हवं असेल त्याच्या बरोब्बर उलटं बोलायचं. आमचा माणूस पेनल्टी घ्यायला उभा राहिला की अख्खा स्टँड म्हणतो, "घालवणार बघा." परगावचे पाहुणे आम्हाला विरोधी संघाचे समजतात. मी स्वतः असलं काही मानत नाही. लोकांसमोर वाईट दिसतं म्हणून बोलतो, इतकंच.

या खोडीवर मी तोड काढली होती. सभेत तोंडानं सगळे विरोधातच बोलणार, हे उघड होतं. म्हणून गुप्त मतदान. कपाटाच्या आड जायचं, चिठ्ठीवर लिहायचं, बुटाच्या खोक्यात टाकायचं. चिठ्ठीला कान नसतात. तिथे माणूस खरं तेच लिहील. त्याआधी आठवडाभर मी एकेकाला गाठून चाचपलं होतं. बेकरीवाल्या बाई पाव बांधता बांधता म्हणाल्या, "छे छे, मी विरोधात," आणि डोळा मिचकावला. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी तर माझ्या तोंडात आरसा घातलेला असतानाच मिचकावला. बेचाळीस जणांनी मिचकावला. न मिचकावणारा एकच निघाला, तो म्हणजे माझे सासरे.

ते सांगायचं राहिलं. सोळा वर्षं दर शनिवारी आम्ही दोघं एकाच बाकावर शेजारी बसतो आणि दीड तास क्लबच्या नावानं बोटं मोडतो. मैदानाबाहेर मात्र आमचं बोलणं "बसा" आणि "येतो" यापलीकडे जात नाही. जावई म्हणून त्यांनी मला पसंत केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमतही नाही. टाळं लागलं तर आमच्या दोघांत उरणार काय, या विचारानं गेले दोन महिने माझी झोप उडाली होती. मला क्लब विकायला हवाच होता.

सभा खेळाडूंच्या खोलीत भरली, कारण सभागृहाचं छत गळतं. कंपनीच्या वकीलबाई मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. वर खुंटीवरून ओला मोजा लोंबत होता.

"कोणाला काही बोलायचं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

बेकरीवाल्या बाई उठल्या. "या कंपनीला क्लबमधलं ओ की ठो कळत नाही. माझा ठाम विरोध आहे."

टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी लिहून घेतलं.

पोस्टमन उठला. "यांच्या गादीवर झोपलो आणि माझी पाठ धरली." मागून कुणीतरी म्हणालं की त्याच्याकडे त्यांची गादीच नाही. "म्हणून काय झालं? विरोध तो विरोध."

पाऊण तास हेच चाललं. वकीलबाईंचा चेहरा उतरत गेला. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काळजी करू नका. सगळे तुमच्या बाजूनं आहेत."

"आत्ता ते मला लुटारू म्हणाले."

"प्रेमानं म्हणाले."

शेवटी सासरेबुवा उठले. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा आग ओकणार. ते म्हणाले, "उत्तम कंपनी आहे. विकून टाका," आणि बसले. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो, की माणूस कट्टर विरोधात आहे. मी मनात म्हटलं, असू दे. बेचाळीस विरुद्ध एक, आणि माझं धरून त्रेचाळीस.

मतदान सुरू झालं. माझी पाळी सगळ्यात शेवटी. कपाटाआड गेलो, पेन्सिल उचलली आणि हात थांबला. सगळेच जर सरळ लिहिणार असतील, तर उलटं कोण लिहिणार? इतक्या वर्षांत आम्ही सगळे मिळून एकदाही सरळ बोललेलो नाही. आणि नेमकी क्लबच्या जिवावर बेतलेली वेळ आली असताना आजच बोलायचं? एकानं तरी खबरदारी घ्यायला हवी होती. माझ्या एका मतानं निकाल बदलणार नव्हता. मी "विरोध" लिहिलं आणि हलक्या मनानं बाहेर आलो.

चिठ्ठ्या मीच मोजायला घेतल्या. पहिली उघडली. विरोध. माझीच असणार, म्हणून मी हसलो. दुसरी उघडली, विरोध. म्हटलं, सासऱ्यांची. तिसरी विरोध, चौथी विरोध. दहाव्या चिठ्ठीला माझा आवाज बसला. विसाव्या चिठ्ठीला अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि बेकरीवाल्या बाई जमिनीकडे बघू लागल्या. खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे असा बघत होता, जणू त्यानंच घात केला.

त्रेचाळीस विरोध, एक संमती.

"निर्णय स्पष्ट आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

"थांबा बाई, आम्हाला विकायचाय," अध्यक्ष म्हणाले.

"मग विरोध का लिहिलात?"

"विकायचाय म्हणूनच."

त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. "आमच्या मालकांना मी इतकंच सांगेन," त्या म्हणाल्या, "की हा क्लब घेऊ नका." आणि निघून गेल्या.

दार लागलं तशी खोलीत झुंबड उडाली. जो तो छातीवर हात ठेवून सांगत होता, की ते एक संमतीचं मत त्याचं होतं. मी मोजले, अठ्ठावीस जण निघाले. एकोणतिसावा मीच होतो.

सासरेबुवांबरोबर घराकडे निघालो. दोन रस्ते पार झाले. मग तेच म्हणाले, "ते मत माझं होतं."

"बाबा, तुम्ही तर विरोधात होता ना?"

"म्हणूनच संमती लिहिली. मला जे व्हायला हवं होतं, तेच झालं."

माझा तोल गेला. "अहो पण का? आता टाळं लागेल. वाईट काय होतं त्या गादीवाल्यांत?"

ते चालता चालताच म्हणाले, "त्यांचा कागद वाचलात? बाक काढून नंबरच्या खुर्च्या टाकणार होते. ज्याचा नंबर जिथे, तिथे तो. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "मग मी बोलणार कुणाशी?"

सोळा वर्षांत मला हे पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. मनात जी भीती होती तीच तोंडून निघाली. "पण क्लबच राहणार नाही, बाबा. मैदान बंद होणार."

सासरेबुवा थबकले. पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहून त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"बंद होणार."

"छान. जरा मोठ्यानं म्हणा, जावईबापू."

मी असलं काही मानत नाही, हे वर सांगितलंच आहे. पण घर येईपर्यंत मी ते एकोणीस वेळा म्हटलं, आणि शेवटच्या वेळी बायकोनं दार उघडून आम्हा दोघांनाही आत ओढलं.