कढीपत्त्याची गरम हवा

मनोरमाबाईंचा कढीपत्ता भाजायला लागला होता. बाहेर उणे सात, जिकडे तिकडे बर्फ, आणि आत कोठीच्या खोलीतल्या थर्मामीटरवर एकोणचाळीस. आठ रोपांची पानं कडेने काळी पडत होती. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये हिवाळ्यात ऊन नाही म्हणून त्यांनीच जावयाला झाडांचे दोन दांडगे दिवे मागवायला लावले होते. आता त्या दिव्यांची धग खोलीत मावेना.

"अहो राजसराव, तुमचं ऑफिसातलं काम यातलंच ना?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

काम यातलंच होतं. मशिनं गरम होऊ नयेत म्हणून राजस दातारला एक कंपनी पगार देत होती. सासूबाईंपुढे नाक कापून घेणं त्याला परवडणारं नव्हतं.

त्याने आधी खिडकी उघडली. दहा मिनिटांत तीन रोपांनी माना टाकल्या. मग त्याने शनिवार घातला, एक पंखा आणि कपडे वाळवायच्या यंत्राची चंदेरी नळी आणली, नळीचं तोंड खिडकीबाहेर काढलं आणि उरलेल्या फटीत बायकोची, स्वरूपाची जुनी शाल कोंबली. खोली सव्वीसवर आली. मनोरमाबाई म्हणाल्या, "बरं झालंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

"आणि फ्राउ एबर्लेंना नळी दिसली तर?" स्वरूपाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. फ्राउ एबर्ले म्हणजे घरमालकीण, वय चौऱ्याहत्तर, राहायला समोरच्याच दारात. घराचा करार मार्चमध्ये संपत होता आणि पुढे वाढवायचा की नाही, यावर बाई तोंड उघडत नव्हत्या. त्यांच्या मुलीची, अवनीची शाळा इथून पाच मिनिटांवर होती. दुसरं घर मिळायला त्या भागात वर्ष लागतं. बाईंना घरातल्या ओलीची, बुरशीची धास्ती होतीच. पण त्यांचा खरा कटाक्ष होता केरवोखवर. म्हणजे आठवड्याच्या पाळीने जिना, पायऱ्या आणि फुटपाथ साफ करायचा. नावात केर असला तरी बर्फही त्यातच येतो, आणि तो सकाळी सातच्या आत काढायचा असतो. राजसच्या पाळीत आजवर तीन चिठ्ठ्या दारावर लागल्या होत्या. तिसरीत उद्गारचिन्हं होती.

स्वरूपाने नाताळच्या फांद्यांची कुंडी खिडकीबाहेर टांगून नळी झाकली. घर उंच तळमजल्यावर, कोठीची खिडकी बरोबर दाराबाहेरच्या पायऱ्यांवर. फांद्यांमुळे नळीचं तोंड खाली झुकलं. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सोमवारी राजस पावणेआठला धापा टाकत फावडं घेऊन बाहेर आला. पाळी त्याची होती आणि तो उठला उशिरा. पाहतो तर पाचही पायऱ्या कोरड्या, आणि वरच्या पायरीवर फ्राउ एबर्ले उभ्या.

"हेर दातार," त्या म्हणाल्या, "मी साडेपाचला बाहेर पाहिलं, तेव्हाच सगळं स्वच्छ होतं. तुम्ही उठता तरी किती वाजता?"

राजसने तोंड उघडलं. मागून स्वरूपाने त्याच्या पोटरीवर बूट मारला.

"लवकर," तो म्हणाला.

"रेस्पेक्ट!" फ्राउ एबर्ले म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला बातमी कळली. राजसची कॉलर ताठ झाली. ती मंगळवारी सकाळी उतरली. पायऱ्यांवरच्या बर्फाचं झालेलं पाणी फुटपाथवर जाऊन गोठलं होतं आणि तिथे काचेसारखा गुळगुळीत पट्टा तयार झाला होता. अवनी त्यावरून थेट सायकलींच्या रांगेपर्यंत घसरत गेली. "नॉखमाल!" ती ओरडली. तिला पुन्हा घसरायचं होतं. राजसच्या डोळ्यांसमोर मात्र तिथे घसरणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई आल्या.

"मग नळी काढ," स्वरूपा म्हणाली.

"काढली की झाडं गेली. आणि पायऱ्यांवर बर्फ साचला की त्यांना कळणारच ना!"

"आल्झो, मग बर्फ तू खरवड."

म्हणून राजस पहाटे पाचला उठायला लागला. खरवडायचं, वर बारीक खडी टाकायची, साडेपाचला बाईंच्या स्वयंपाकघरात दिवा लागायच्या आत घरात. पाळी दुसऱ्याची असो, पाणी काही दारावरच्या पाळीच्या पाट्या वाचून गोठत नाही. वरच्या मजल्यावरचे लोक आपापल्या आठवड्यात निवांत झोपू लागले. ऑफिसात राजस मीटिंगमध्ये पेंगायला लागला. कढीपत्ता मात्र तरारून आला आणि मनोरमाबाई रोज फोडणी करू लागल्या.

फेब्रुवारीत फ्राउ एबर्ले कागद घेऊन आल्या. मुदत नसलेला करार, त्यांची सही झालेली.

"असा भाडेकरू मला चाळीस वर्षांत मिळाला नाही," त्या म्हणाल्या.

राजसने पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. समोरची बाई इतक्या विश्वासाने बघत होती.

"फ्राउ एबर्ले, पायऱ्या मी साफ करत नव्हतो. झाडांच्या दिव्यांची गरम हवा नळीने बाहेर सोडतो, तिने बर्फ वितळतो."

स्वरूपाने डोळे मिटून घेतले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ एबर्ले म्हणाल्या. "फांद्यांमधून वाफ निघते. दुसऱ्याच दिवशी दिसलं मला."

"मग?"

"फुटपाथवरचा बर्फ कोण खरवडत होतं?"

"मी."

"दिवा न लावता बघत होते मी, रोज. एकही दिवस खाडा नाही. करा सही."

राजसने सही केली. स्वरूपाने इतका मोठा श्वास सोडला की कागद हलला. मनोरमाबाईंना जर्मन कळत नव्हतं. पण लेकीचा चेहरा पाहून त्या साबुदाण्याच्या वड्यांची बशी घेऊन आल्या.

"नळी आजच काढून टाकतो," राजस म्हणाला.

"नाइन, नाइन, काढू नका!" फ्राउ एबर्लेंनी वडा उचलला. "फक्त थोडी डावीकडे वळवा. कचऱ्याच्या डब्यांपुढे फार बर्फ साचतो."

"काय म्हणतायत हो त्या?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"घर आपलंच राहिलं, आई," राजस म्हणाला, आणि त्याने पहाटे पाचचा गजर पावणेपाचवर घेतला. वितळलेलं पाणी आता कचऱ्याच्या डब्यांपुढेही गोठणार होतं, आणि डबे जरा लांब होते.