साडूचं बटण

सासऱ्यांना बॅटरीवर चालणारी खुर्ची आणून दिली थोरल्या जावयाने, आणि तिला वेग कमी-जास्त करायचं बटण बसवून दिलं धाकट्याने. खुर्ची केवढी, बटण केवढं. पण सासरे येईल त्याला बटणच दाखवत होते.

"धाकट्यांची करामत. आधी नुसती हिसके द्यायची, आता कशी लोण्यासारखी चालते."

थोरल्याचा नुसता जळफळाट झाला. खुर्ची देणारा राहिला बाजूला आणि बटणवाल्याला डोक्यावर घेतलं म्हणजे काय? दुपारी सासरे आडवे झाले तसा तो स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्चीपाशी बसला. बटणाला तीन वायरी होत्या. कडेच्या दोन त्याने आपसांत बदलल्या. आता बटण पुढे फिरवलं, की वेग वाढायच्या ऐवजी कमी होणार. होऊ दे साडूची फजिती, म्हणत स्वारी खुशीत चहाला बसली.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नाही. सासरे मुळात भित्रे. बटण ते कायम सगळ्यात कमीवर ठेवायचे.

ते उठले, खुर्चीत बसले, हाताशी असलेली चालवायची दांडी पुढे ढकलली आणि खुर्ची सुसाट सुटली. दाराचा पडदा डोक्यावर घेऊन सासरे उतारावरून थेट फाटकाबाहेर. घाबरून त्यांनी दांडी आणखीच घट्ट धरली. मागे थोरला, त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे धाकटा.

"बाबा, बटण फुल्ल करा," थोरला ओरडत होता. "अजून वाढवा."

"अहो, जीव घेताय का त्यांचा?" बायको किंचाळली.

सासऱ्यांनी डोळे मिटून बटण फिरवलं. खुर्ची रेंगाळली, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दारात थोरल्याने ती धरली.

धाकट्याने धापा टाकत खाली वाकून पाहिलं. "बाबा, माफ करा. वायरी उलट्या लागल्यात. सकाळी मी घट्ट केल्या ना, तेव्हा माझ्याकडूनच झालं असणार."

सासऱ्यांनी पडदा बाजूला सारून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं चटकन कबूल करायला मोठं मन लागतं हो. शिका काहीतरी, जावईबापू," ते थोरल्याला म्हणाले.

न्हावी आणि अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकही माना डोलवू लागले. थोरल्याला आता सहन होईना.

"वायरी मी उलट्या केल्या," तो म्हणाला. "मी. एकट्याने."

बायकोने कपाळावर हात मारला.

"काय बाई तरी. त्यांचं कौतुक बघवत नाही ते एक ठीक. आता त्यांची चूकसुद्धा तुम्हालाच हवी?"