दहा वर्षं मागे गेलेली भिंत

आपल्या घरात फसवी वस्तू उंबरठा ओलांडूच शकत नाही, असं दावेसाहेब छातीठोकपणे सांगत. उंबरठा ओलांडून आलेल्या वस्तू न्हाणीघरातल्या फळीवर ओळीने उभ्या राहून हे निमूटपणे ऐकत असत.

दावेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत लोकांचे नुकसानभरपाईचे दावे तपासणं हे त्यांचं काम. तपासणं म्हणजे नाकारणं, एवढं समजलं की त्यांची नोकरी समजली. एखाद्याचं दुकान जळालं, तर ते राखेला विचारत, "तू आधी कोण होतीस?" एखाद्याच्या गोदामात पाणी शिरलं, तर ते पाणी खरोखरच ओलं होतं का, याचा पुरावा मागत. इतकी वर्षं कोणावरही विश्वास न ठेवण्याचा पगार घेतल्यावर घरी येऊन एकदम विश्वास ठेवायला सुरुवात करणं माणसाला जमत नाही. म्हणून ते घरी येऊन साबणाचे दावे तपासत.

"केसांना मुळापासून पोषण!" ते बाटलीचं वाचन करत. "केस काय वाफ्यात लावलेत?" किंवा, "कोळसायुक्त टूथपेस्ट! दात घासायचे आहेत की भट्टी पेटवायची आहे?" फरशी पुसायच्या द्रावणावर तर त्यांचा विशेष राग होता. नव्व्याण्णव टक्के जंतू मरतात, हे त्यांना मान्य होतं. उरलेला एक टक्का कोणाच्या वशिल्याने वाचतो, हे त्यांना लेखी हवं होतं.

या सगळ्या वस्तू घरात आणत त्यांच्या सासूबाई. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. लेकीकडेच राहत आणि जावयाला अत्यंत आदराने, "जावईबापू" म्हणत, टोमणे मारत.

त्या शनिवारी सकाळी घरात आधीच ताण होता. दावेसाहेबांची बायको शाळेत चित्रकलेची शिक्षिका. शाळेच्या नव्या लांबलचक भिंतीवर चित्रं काढायची होती आणि ते काम बाहेरच्या जाहिरातवाल्याला द्यायचं की शाळेतल्याच बाईंना, हे मुख्याध्यापिका ठरवणार होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. "तुमची चित्रं कागदावर छान असतात हो, पण भिंत हाताळता येईल का तुम्हाला?" असं म्हणून मोठ्या बाई रविवारी संध्याकाळी चित्रं बघायला घरी येणार होत्या. सोबत चार शिक्षक आणि इमारतीतली माणसं. बायको गेले कित्येक दिवस मागे लागली होती.

"अहो, निदान दिवाणखान्यातली ही एक भिंत तरी पांढरी करून घेऊ या. त्या कळकट भिंतीवर चित्रं टांगायची म्हणजे..."

"कळकट नाही. बदामी."

"मी स्वतः निवडला होता रंग! पांढराशुभ्र!"

"पुरावा?" दावेसाहेबांनी हात पुढे केला होता.

रंगाचा डबा कधीच भंगारात गेला होता. दावा फेटाळला गेला. बायको काही न बोलता चित्रांच्या चौकटी आणायला निघून गेली. तिचं ते काही न बोलणं अख्ख्या घरात ऐकू येत होतं.

आणि नेमकी त्याच वेळी सासूबाईंची नवी डबी टेबलावर आली. गुलाबी, गोल, सोनेरी झाकणाची. 'चिरनवी. चेहऱ्यावरून दहा वर्षं पुसून टाकते.'

"पुसून?" दावेसाहेब ताडकन उठले. "वर्षं पुसून टाकते? वर्षं म्हणजे काय डाग आहेत? कुठे जातात ती पुसलेली वर्षं? फडक्यावर दिसतात?"

"जावईबापू, तुमच्या कंपनीत देते का मी दावा? मग कशाला तपासताय?"

"कारण हा दरोडा आहे! तुम्ही महिनाभर हे लावताय. गेली दहा वर्षं?"

"मला कुठे घाई आहे?" सासूबाई म्हणाल्या. "हळूहळू जातील."

आता कोणी शहाणा माणूस गप्प बसला असता. पण दावेसाहेबांच्या अंगात कंपनीचा तपासनीस संचारला. त्यांनी डबी उचलली, दोन बोटं भरून ती रवाळ, गुलाबाच्या वासाची क्रीम काढली आणि गरजले, "दहा वर्षं घालवते ना? या भिंतीला रंग देऊन बरोबर दहा वर्षं झाली. घालव म्हणावं! हिने जर ती दहा वर्षं पुसली ना, तर चार माणसांसमोर उभा राहून मी हिची तारीफ करीन!"

"चार माणसांसमोर?" सासूबाईंनी खुंटा हलवून घट्ट केला.

"चार माणसांसमोर!"

त्यांनी भिंतीवर, अगदी मधोमध, गोल गोल क्रीम चोळली. खिशातला रुमाल काढून पुसली.

बदामी भिंतीच्या मध्यभागी पुरीएवढा, छे, चांगला बशीएवढा पांढराशुभ्र चंद्र उगवला होता.

"गेली ना दहा वर्षं?" सासूबाई म्हणाल्या. "रुमाल बघा. फडक्यावर दिसतायत."

दावेसाहेबांना आयुष्यात प्रथमच एक दावा मंजूर करायची वेळ आली होती आणि त्यांचा संताप संताप झाला. न सांगता खरं बोलण्याचा या डबीला काय अधिकार? पण संतापाला नंतर वेळ देता आला असता. आधी तो चंद्र मावळवणं भाग होतं. बायकोने तो पाहिला असता, तर बदामी रंगाचा दहा वर्षांचा खटला ते एका बशीएवढ्या पुराव्यावर हरले असते.

त्यांनी दाराजवळचं कॅलेंडर काढून त्या डागावर टांगायचं ठरवलं. कॅलेंडर काढलं. त्याच्यामागे कॅलेंडरच्याच आकाराचा, दुधासारखा पांढरा चौकोन निघाला!

"अजून एक पुरावा," सासूबाईंनी मोजून घेतलं.

"तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी इथे नुसती बसलेय, बापू."

मग दावेसाहेबांना सुचलं, की पांढरं बदामी करायला चहासारखं दुसरं काही नाही. त्यांनी उरलेला चहा कापसाने चंद्राला लावला. चंद्राला आधी कावीळ झाली. मग चहा खाली ओघळला आणि त्याला दाढी फुटली. ती दाढी काढायला पुन्हा क्रीम. क्रीमने दाढी गेली, पण दाढीच्या जागी पांढरा पट्टा आला. पट्ट्याची कड सरळ करायला गेले, तर ती रुंद झाली. रुंद झालेली दुसऱ्या बाजूला जुळवायला गेले, तोवर डबीचा तळ दिसायला लागला आणि भिंतीवर कोणीतरी पांढऱ्या खडूने हत्ती काढायला घेऊन सोंडेवरच सोडून दिल्यासारखं दिसायला लागलं.

आता एकच मार्ग होता. अख्खी भिंत पांढरी करायची.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी दावेसाहेबांचं वैर जुनं होतं. महिन्याभरापूर्वीच त्यांनी त्याच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर टूथपेस्टवर अर्धा तास भाषण दिलं होतं. त्याच दुकानात, त्याच गिऱ्हाइकांसमोर, ते हलक्या आवाजात म्हणाले, "चिरनवी आहे का?"

"काय म्हणालात, साहेब?"

"चिरनवी! क्रीम! असतील तेवढ्या सगळ्या डब्या द्या!"

दुकानदार शिडीवर चढला आणि डझनभर डब्या काढून खाली आला. चढउतारात त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू पसरलं होतं. "वहिनींसाठी?"

"नाही."

"आजींसाठी?"

"भिंतीसाठी!" दावेसाहेब ओरडले.

दुकानदाराने इकडेतिकडे पाहून मान खाली आणली. "साहेब, लाजायचं कशाला? हल्ली पुरुषसुद्धा लावतात. भिंत काय, छप्पर काय, सगळ्याचं वय होतंच."

दावेसाहेबांनी पिशवी हिसकावून घेतली. पाठीमागून एक बाई दुसरीला म्हणाली, "तरी मी म्हणत होते, हल्ली हे साहेब आरशात फार बघतात." त्यांनी आयुष्यात कधी दाढीव्यतिरिक्त आरशात पाहिलं नव्हतं!

दुपारभर ते भिंत घासत होते. सासूबाई खुर्चीत बसून, "डावीकडे राहिलं, बापू," असं दिग्दर्शन करत होत्या. पंख्याखाली गुलाबाचा असा घमघमाट सुटला, की खालच्या मजल्यावरच्या माणसाने येऊन घरात कोणाचं लग्न आहे का, म्हणून विचारलं. आणि भिंत खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढरी झाली असताना शेवटची डबी संपली. खाली पांढरं, वर बदामी, आणि मधून हाताच्या फटकाऱ्यांची वेडीवाकडी रेघ!

तेवढ्यात दाराला किल्ली लागली.

बायको चौकटींचं ओझं घेऊन आत आली. तिने भिंत पाहिली. रिकाम्या डब्या पाहिल्या. नवऱ्याचे पांढरे पडलेले हात पाहिले. दावेसाहेबांनी ठरवलं होतं, की ती ओरडली की आपणही ओरडायचं. पण ती ओरडलीच नाही. मटकन खाली बसली.

"उद्या मोठ्या बाई येणार आहेत," ती म्हणाली. "भिंत हाताळता येते का, हे बघायला."

दावेसाहेबांना त्या क्षणी क्रीमचा, कंपनीचा आणि स्वतःचाही इतका राग आला, की कोणावर आधी ओरडावं हे ठरेना. म्हणून ते हळूच म्हणाले, "पांढरीच होती. तुझं बरोबर होतं."

बायकोने मान वर केली. बराच वेळ ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग उठली, एक चित्र उचललं आणि रेघेच्या खाली धरून पाहिलं. "हातोडी आणा," ती म्हणाली. "आणि उद्या तोंड उघडू नका."

रविवारी संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. चष्मा वर करून, चष्मा खाली करून, त्यांनी भिंत पाहिली. "वा! ही रेघ... डोंगराची?"

"हो," बायको म्हणाली. "वर संध्याकाळचं आकाश. खाली उजेड. चित्रं उजेडात."

"मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम," बायकोने पापणीही न लववता सांगितलं.

"भिंतीचा असा विचार करणारं माणूसच मला हवं होतं!" मोठ्या बाई म्हणाल्या आणि जमलेल्या शिक्षकांनी माना डोलावल्या. दावेसाहेब कोपऱ्यात तोंड मिटून उभे होते. सगळं सुरळीत पार पडणार, असं वाटत होतं. आणि पाहुण्यांसाठी मागवलेले बिस्किटांचे पुडे घेऊन दुकानदार आला!

"वा वा, साहेब!" तो दारातूनच म्हणाला. "कशी चालली चिरनवी? काल डझनभर नेल्यात, आणि मला म्हणतात कसे, भिंतीसाठी हवी!" तो खो खो हसला. "भिंतीसाठी!"

कोणीच हसलं नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू भिंतीकडे वळल्या. मोठ्या बाईंनी नाक वर केलं. एक पाऊल पुढे टाकलं. "खरंच की. आल्यापासून मला गुलाबाचा वास येतोय. इथूनच येतोय का हो?"

त्या वाकल्या. त्यांचं नाक भिंतीपासून वीतभर राहिलं. दावेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती चहाचा कप पुढे करून मोठ्या बाईंना भिंतीपासून वळवू बघत होती.

"तो वास माझा आहे!" दावेसाहेब ओरडले.

मोठ्या बाईंचं नाक जागच्या जागी थांबलं आणि मग सावकाश दावेसाहेबांकडे वळलं.

"मीच लावतो," दावेसाहेब म्हणाले. शब्द दात उपटल्यासारखे निघत होते. "तोंडाला. रोज. भरपूर."

"म्हटलं होतं ना मी!" दुकानदार टाळी वाजवून म्हणाला.

"आणि गुण आहे का हो?" इमारतीतल्या एका वहिनींनी विचारलं. "तुम्ही तर कशालाच चांगलं म्हणत नाही!"

"सांगा ना, जावईबापू," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. "चार माणसं आहेतच समोर."

दावेसाहेबांनी हजारो लोकांचे खोटे दावे ऐकले होते. खोटं बोलणाऱ्याचे कान कसे लाल होतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. आज त्यांना आपले कान दोन दिव्यांसारखे जाणवत होते. "उत्तम क्रीम आहे," ते म्हणाले. "दहा वर्षं जातात. मी स्वतः पाहिलंय."

मोठ्या बाईंनी चष्म्यातून त्यांचा चेहरा कानापासून कानापर्यंत तपासला. "आधी किती वय होतं मग?" असं म्हणून त्या निघाल्या. दारात थांबून बायकोला म्हणाल्या, "उद्यापासून सुरू करा. शाळेची भिंत तुमची."

पाहुणे गेल्यावर बायको हसत हसत सोफ्यावर पडली, ती बराच वेळ उठली नाही. दावेसाहेबांचा मात्र नुसता जळफळाट चालला होता. अब्रू गेली होती, पण काम तरी झालं होतं. "काही म्हणा," ते शेवटी म्हणाले, "क्रीम चेहऱ्याला काय करते ते देव जाणे, भिंतीला मात्र गुणकारी आहे. तेवढं खरं बोललो मी."

सासूबाई कप गोळा करत होत्या. कोणाच्या तरी हातून वरच्या बदामी भागावर चहाचा शिंतोडा उडाला होता. त्यांनी ओलं फडकं पिळलं, त्यावर भांड्यांचा साबण लावला, टाचा उंचावून भिंतीवर एक हात फिरवला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आकाशाच्या मधोमध एक स्वच्छ, पांढराशुभ्र पट्टा चमकत होता.

"सासूबाई!" दावेसाहेब किंचाळले. "हे... हे साध्या साबणाने निघतं? तुम्हाला माहीत होतं?"

"भिंतच आहे ती, बापू. पुसली की मळ निघतो," आतून आवाज आला. "तुम्ही क्रीमबद्दलच विचारत होतात."

म्हणजे चिरनवी हा दरोडाच होता! ते पहिल्यापासून बरोबर होते! सगळा पुरावा डोळ्यांसमोर होता, आणि आता तो कोणाला दाखवायची सोय राहिली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात आलेल्या चिरनवीच्या नव्या डब्याही सगळ्या संपल्या. दावेसाहेबांनी एखादी वस्तू चांगली म्हटलीय, ही बातमीच तशी होती. हल्ली जिन्यात त्यांना कोणी ना कोणी वहिनी अडवतात, गाल पुढे करतात आणि विचारतात, "भाऊजी, मला अजून काहीच फरक दिसत नाही हो."

दावेसाहेब त्या गालाकडे तपासनिसाच्या नजरेने बघतात, इकडेतिकडे पाहतात आणि दात ओठ खात सांगतात, "हळूहळू जातील."