माईकवरचे आप्पा

सकाळी शाळेला निघाले की आमचे शेजारी रेवणआप्पा मला त्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरून थांबवतात. वरपासून खालपर्यंत एकदा बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, “निळी साडी, पांढरं ठिपकं. खांद्याला काळी पर्स, तिची चेन उघडीच हाय. बरं, जावा आता.”

दुसऱ्या कुणी भर रस्त्यात असं माझ्या साडीचं वर्णन केलं असतं, तर मी शाळेऐवजी पोलीस ठाण्यात गेले असते. पण आप्पा ठाण्याच्या साहेबांनाही सोडत नाहीत. साहेबांची गाडी दुकानासमोर थांबली की पायरीवरून आवाज येतो, “खाकी कपडे, मिशी डावीकडं जरा कमी.” साहेब हसतात, आणि पुढं गेल्यावर गाडीच्या आरशात मिशी बघतात.

मी नवीन होते तेव्हा एकदा धीर करून विचारलं, “आप्पा, हे रोज कशासाठी?”

“बाई, माणूस कवा हरवंल सांगता येतंय व्हय? हरवलं की घरचे माझ्याकडं येत्यात. म्या इचारतो, अंगावर काय हुतं? म्हणत्यात, साडी हुती. आता साडी तर निम्म्या तुळजापुरानं नेसलीया! म्हणून म्या आपलं आदीच बघून ठेवतो.”

तुळजापुरात नवरात्राच्या दिवसांत किती माणसं येतात ते मी सांगायला नको. त्या गर्दीत नवऱ्याच्या हातातून बायको सुटते, सुनेच्या हातातून सासू. अशा सगळ्यांसाठी रस्त्याच्या कडेला कापडानं झाकलेला एक छोटा मांडव असतो. आत एक बाकडं, पाण्याचा माठ आणि माईक. त्या माईकवर आप्पा बसतात. ऐन धंद्याच्या दिवसांत दुकानाला कुलूप लावून बसतात. त्यांना तिथं कुणी नेमलेलं नाही. पूर्वी जे गृहस्थ पुकारायचे, ते एकदा “जरा धरा, चहा पिऊन येतो” म्हणाले. चहा पिऊन ते परत आले, पण माईक त्यांना परत मिळाला नाही.

इतर ठिकाणी कसं पुकारतात ते आपल्याला माहीत आहे. अमुक गावचे तमुक यांनी त्वरित संपर्क साधावा. आप्पांना हे त्वरित वगैरे पटत नाही. ते घरातल्यासारखं बोलतात. “तामलवाडीच्या सुमनबाई, तुमचे मालक इथं बसल्यात. चहा पाजलाय, पण डोळ्यातलं पाणी थांबंना. रागानं मागं राहिला असाल तर राग घरी जाऊन काढा, आदी यांना घेऊन जावा.” सीमेपलीकडून आलेलं पोर असलं की कानडी सुरू. “अव्वा, निम्म मगा इल्ले अदान्री, लगूना बर्री!” तुमचा मुलगा इथं आहे, लवकर या. त्या अव्वाला शेवटी मराठीतून दोन शब्दही ऐकवायचे, “रडू नगा, केळं खातोय.”

एकदा सास्तूरच्या एक आजी चुकल्या. मी त्या दिवशी आप्पांचा डबा घेऊन मांडवात गेले होते, म्हणून हे समोर बघितलं.

“मालकाचं नाव काय, आजी?”

आजींनी पदर तोंडाला लावला. “नाव कसं घिऊ?”

“अवो, नाव न्हाय घेतलं तर पुकारू काय? सास्तूरचे मालक या म्हणलं, तर आख्खं सास्तूर येईल.”

“न्हाय बाई. आजवर घेतलं न्हाय.”

आप्पांनी डोकं खाजवलं. मग चेहरा उजळला. “उखाण्यात घेतलं हुतं का कवा?”

“लग्नात घेतलं की.”

“मग हितं घ्या!” म्हणत त्यांनी माईक आजींच्या पुढं धरला. आजी लाजल्या, खाकरल्या, आणि खड्या आवाजात सुरू झाल्या,

“आई भवानीच्या दारी संबळ वाजतंय छान,
व्यंकटरावांना हुडकू हुडकू गेला माझा प्राण!”

आख्ख्या रस्त्यावर टाळ्या पडल्या. थोड्याच वेळात व्यंकटराव आले. फेटा हातात, कानापर्यंत लाल. “आगं, समद्या जत्रंला माझं नाव सांगितलंस व्हय?” म्हणून तणतणले, आणि बाकड्यावर बसून आजींचा हात काही सोडेनात.

सापडायचं असेल तर एकच करायचं, असं आप्पांचं मत आहे. हाय तिथंच थांबा. हरवलेलं आणि हुडकणारं, दोघंही फिरत राहिली तर भेट कशी व्हायची? हा नियम ते स्वतःही पाळतात. माझ्या नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सोलापूरला गेलो, तेव्हा आप्पांनाही बरोबर नेलं होतं. कापडाच्या पेठेत आमची चुकामूक झाली. आम्ही सगळी दुकानं पालथी घातली. आप्पा एका दुकानाबाहेर, साडी नेसवलेल्या पुतळ्याशेजारी दुपारभर उभे होते. आम्हाला बघून रागावले. “किती फिरताय तुम्ही! म्या हिथंच हाय की.” तोवर त्यांनाच साडीचा भाव विचारणाऱ्या बायकांच्या तावडीतून त्या दुकानदारानं त्यांना दोनदा सोडवलं होतं.

एवढा बोलणारा माणूस, पण त्यांच्या घरातून आवाज येत नाही. आमची भिंत एकच, म्हणून मला माहीत आहे. त्यांच्या बायकोला, शिवकांताकाकूंना, ऐकू येत नाही. आप्पा त्यांच्यासमोर बसून नुसते ओठ हलवतात, काकू त्यांच्या तोंडाकडं बघत भाकरी थापतात, आणि मध्येच खो खो हसतात. काकू स्वतः बोलतात, पण आपला आवाज किती लागतोय ते त्यांना कळत नाही. त्यामुळं गुपित सांगायचं असलं की गल्ली गोळा होते, आणि पोरांना ओरडायचं असलं की कुजबुज.

आमच्या नगरपरिषदेकडून दरवर्षी सेवाभावी नागरिकांचा सत्कार होतो. सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडं असतं. यंदा आप्पांचं नाव आलं, आणि निरोप द्यायला मी आनंदानं त्यांच्याकडं गेले.

“मला नगं,” आप्पा म्हणाले.

“का?”

“झेंडूच्या हारानं मला शिंका येत्यात.”

“गुलाबाचा आणू.”

“गुडघा दुखतोय. स्टेजला पायऱ्या असत्यात.”

“पायऱ्या दोनच आहेत, आप्पा. आणि काकूंनाही आणायचंय. जोडीनं सत्कार आहे.”

 आप्पा हातातलं पातेलं उगाच पुसत राहिले. मग हळू म्हणाले, “तेच तर, बाई. तिथं समदं बोलणंच असणार. भाषणं, टाळ्या. लोक हसले की ही बिचारी इकडं तिकडं बघणार, का हसले म्हणून. एवढ्या माणसात तिला एकटी कशाला बसवू?”

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. पाठमोऱ्या आप्पांचे ओठ त्यांना दिसत नव्हते, माझे दिसत होते. पुढं आल्या आणि मला विचारलं, “कवा हाय?”

“रविवारी सकाळी,” मी सावकाश म्हणाले.

“येतो आमी!” काकू एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. निकाल लागला.

रविवारी सभागृह भरलं होतं. पाणपोई चालवणारे निवृत्त कंडक्टर होते. दवाखान्यात एकट्या पेशंटपाशी बसणाऱ्या दोन बहिणी होत्या. काकू पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मोरपंखी इरकल नेसून. त्यांच्या हाताशीच स्पीकरचा उंच खोका होता. मी स्वागताचं बोलायला लागले, तेव्हा त्या एकदम दचकल्या. थरथरणाऱ्या खोक्याकडं बघितलं. मग हळूच त्यावर तळवा ठेवला. मी थांबले की तळवा उचलून बघायच्या, बोलले की परत ठेवायच्या. माझ्याकडं बघून अशा काही हसल्या की पुढच्या पाहुण्यांचं नाव मी चुकले.

आप्पांचा सत्कार झाला. शाल, नारळ, मानचिन्ह. मी माईक त्यांच्या हातात दिला, आणि ज्या माणसाकडून तो आजवर कुणाला परत मिळाला नव्हता, तो गप्प उभा राहिला. 

“आप्पा, बोला,” मी कुजबुजले.

“अवो, समोर माणसं हायत की!” आप्पा माईकमधूनच मला म्हणाले. मांडवाला कापड असतं, इथं सगळे डोळे त्यांच्यावर. सभागृह हसलं.

आप्पांनी काकूंकडं बघितलं. काकूंचा तळवा खोक्यावर होता. त्यांनी हनुवटी वर करून खूण केली, हं, बोला की.

“ही माझी मंडळी,” आप्पा म्हणाले. “हिला ऐकू येत न्हाय, म्हणून मोकळं बोलतो.”

परत हशा. आप्पा हसले नाहीत.

“लग्न झालं तवा हिला चांगलं ऐकू येत हुतं. पण म्या लई लाजाळू. मोठं घर, माणसं. हिच्याशी बोलायचं म्हणलं की जीभ टाळूला चिकटायची. म्हणलं, बोलू की सावकाश. हाय कुठं घाई? वरीस गेलं. मग हिला ताप आला, आणि तापात कान गेलं. माझा आवाज कसा हाय, ते हिला धड म्हाईत न्हाय. तवापासनं माझी जीभ सुटली ती सुटलीच. हिच्याशी बोलायचं राहिलं, ते म्या समद्या जगाशी बोलत सुटलो. तुम्ही म्हणता सेवा. असंल. पण बायकोपासनं नवरा चुकला, की मला बसवत न्हाय.”

पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी माईक घ्यायला पुढं झाले.

तेवढ्यात काकूंचा आवाज सबंध सभागृहात घुमला, “लई लांबवू नगा! लोकांस्नी भूक लागली आसंल!”

छप्पर उडेल असा हशा झाला. आप्पांनी माईक चटकन माझ्या हातात दिला, अगदी शहाण्यासारखा.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं चालत घरी निघालो. वाटेत काकूंनी आप्पांच्या बाहीला धरून थांबवलं आणि हातानंच विचारलं, काय बोललात एवढं? बाया डोळे का पुशीत हुत्या?

आप्पा लाजले. खरंच लाजले. मानेनंच काही नाही म्हणाले आणि शाल घडी करायला लागले.

मग मीच काकूंना माझ्याकडं वळवलं. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, एकेक शब्द सावकाश, ओठ मोठे करून, पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकू माझ्या तोंडावरची नजर न हलवता ऐकत होत्या.  संपल्यावर आप्पांकडं वळल्या.

“व्हय?” त्या म्हणाल्या.

सगळ्या रस्त्यानं वळून बघितलं. आप्पा नारळ काखेत मारून, दुखऱ्या गुडघ्यानं, भराभरा पुढं निघाले होते.