जयसिंगरावांचे शॉर्टफॉर्म

आमच्या शेजारचे जयसिंगराव रिक्षावाल्याला ‘डावीकडं घे’ असं कधी सांगत नाहीत. ‘ओ.एस.ला घे’ म्हणतात. डोळे तपासल्याच्या कागदावर डाव्या डोळ्याला ओ.एस. लिहितात, उजव्याला ओ.डी. रिक्षावाला बिचारा सरळ जातो आणि मग दोघांची जुंपते.

मंगळवार पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून माणसाची भाषाच आखूड झाली. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला म्हणाले, “पांढरा रस्सा, बी.डी.” म्हणजे दोनदा वाढ. वाढपी म्हणाला, “पावणं, बिडी बाहेर टपरीवर मिळंल.”

यंदा त्यांच्या लेकीनं, अमृतानं, ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासायला शिकवणाऱ्या कॉलेजात अर्ज केला. अर्जाबरोबर इंग्रजीत निबंध हवा होता, हेच शिक्षण का घ्यायचंय यावर. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून निबंध माझ्याकडं आला. वडिलांनी सांगितलेला असणार, कारण ओळीओळीत नुसते शॉर्टफॉर्म. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, “हे पूर्ण शब्दांत लिहायला हवं.”

“सर, वाचणारी समदी डोळ्याचीच माणसं हाईत. त्यास्नी कळतंय की.”

“त्यांना आजार कळेल हो. पोरगी कशी कळायची?”

कुरकुरत ते तयार झाले. एकेक शॉर्टफॉर्म ते फोडून सांगत, अमृता लिहून घेई. ‘माझ्या आईला आर.पी. आहे’ या वाक्याशी मात्र ते थांबले.

“तेवढं ऱ्हाऊ दे,” म्हणाले.

आत वहिनी तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “आर.पी. म्हंजे काय ते मलाबी ऐकू दे की. इतकी वर्सं नुसतं आर.पी., आर.पी. म्हणतासा.”

जयसिंगराव खाली बघत राहिले. मग हळू म्हणाले, “डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय. नजर कमी कमी हुईत जाती. त्यावर औषध न्हाय.”

“म्हाईत हाय मला,” वहिनी म्हणाल्या. “पयल्यांदा दवाखान्यात गेलो, तवा तुमी गाडी काढाय गेलतासा, तवाच डॉक्टरनी सांगितलंतं. तुमच्या तोंडातनं निघंना, म्हणून मीबी गप ऱ्हायले.”

मग जयसिंगरावांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मलाच हलकं वाटलं. अमृतानं ते वाक्य पुरतं लिहिलं, डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली.

तिला प्रवेश मिळाला.

परवा उन्हं कलायच्या आत दोघं कळंबा तलावावर दिसली. जयसिंगराव हात करून बायकोला सांगत होते, “पानी भरपूर हाय. पल्याड बगळं बसल्यात.”

“अवो, बाजूचं दिसत न्हाय,” वहिनी म्हणाल्या. “समोरचं दिसतंय की मला अजून.”

“व्हय? मग तू सांग.”

वहिनी सांगू लागल्या. आणि जयसिंगराव कठड्याला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले.