तात्यासाहेबांना मिळालेला एक गुण

आजार होण्यापेक्षा तो किती गंभीर आहे हे लवकर कळणं महत्त्वाचं असतं. कारण कुणी भेटायला जायचं आणि कुणी नुसता फोन करायचा, हे त्यावरच ठरतं.

दौलताबादचे तात्यासाहेब (वय सत्तावन्न, सीताफळांची बाग, पोटात असह्य कळ) छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात दाखल झाले. निदान: स्वादुपिंडाला सूज. असा अवयव आपल्याला आहे, हेच त्यांना त्या दिवशी कळलं. डॉक्टर महेजबीन म्हणाल्या, "काहींना चार दिवसांत आराम पडतो, काहींचं अवघड होतं. तुमचं काय होणार ते लवकर ओळखायला अकरा निकष आहेत; लागू पडेल त्याचा एक गुण, गुण जास्त तितका धोका जास्त. पाच आज बघितले, उरलेले सहा अठ्ठेचाळीस तासांनी बघू." म्हणजे लवकरचा अंदाज परवा मिळणार होता.

तोवर गप्प पडून राहणं तात्यासाहेबांना जमेना. त्यांनी आपल्याकडची जुनी, रक्ताचा थेंबही न लागणारी पद्धत वापरली: भेटायला कोण येतं ते मोजायचं. शेजारी आला तर शून्य (त्याला शहरात काम असतंच). रजा टाकून आलेला पुतण्या, एक. पायांना हात लावून डोळे पुसणारा, दोन. तोंडानं पाणीही बंद असलेल्या या रुग्णासाठी पहिल्याच दिवशी चौदा शहाळी आली, पण शहाळ्यांना गुण नसतात. संध्याकाळपर्यंत बेरीज चारच झाली आणि तात्यासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात साळूबाई उभी.

साळूबाई म्हणजे वेरूळला दिलेली त्यांची थोरली बहीण. तात्यासाहेबांच्या लेकीच्या, तनुजाच्या लग्नात तिची मानाची साडी मेव्हणीच्या साडीपेक्षा हलकी निघाली, तेव्हापासून अकरा वर्षं अबोला. "मेल्याबिगर तुझं तोंड बघणार नाय," असं ती भर मांडवात म्हणाली होती, आणि बाई शब्दाची पक्की. तात्यासाहेबांनी बेरीज करणंच सोडून दिलं.

"आक्का, तू कामून आली?"

"तनुजाचा फोन आला, तात्या लई शिरेस हायेत म्हणून," साळूबाई म्हणाली आणि त्यांचे पाय दाबत रडू लागली. मग दिवसभर बोलत राहिली: लहानपणीची भांडणं, आईचा मार, बागेत चोरून पिकवलेली सीताफळं. मरणाची भीती होतीच, पण तात्यासाहेबांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी महेजबीन हसतच आल्या. "अकरापैकी एक. तोही वयाचा. आजार सौम्य आहे, आजपासून थोडं थोडं पाणी घ्या."

साळूबाईचे हात थांबले. "एकच?" तिनं पिशवी उचलली. "येवढ्यासाठी मला शब्द मोडाया लावला व्हय?"

तात्यासाहेब धडपडत उठून बसले. "म्याडम, परत एकदा बघा की. एखादा गुण वाढत नाय का?"

वैद्यकशास्त्रात तशी तरतूद नव्हती. साळूबाई वेरूळच्या बसमध्ये बसली आणि अबोला पूर्ववत सुरू झाला.

वाचकांनी तिला हसू नये. आपण ज्याच्याशी बोलत नाही, असं एक नाव एव्हाना आपल्याही मनात येऊन गेलं असेल. त्याला किती गुण पडले म्हणजे आपण भेटायला जाणार, तेवढं आजच ठरवून ठेवावं.